दोन्ही बाजू जिवंत असतात तेव्हा

मोबाइल कंपनीच्या नियंत्रण कक्षात पडद्यांवर अलार्मच्या ओळी दिवसरात्र सरकत असतात. कुठल्या टॉवरची वीज गेली, कुठे बॅटरी उतरली, कुठे गटाराचं काम करताना जेसीबीने फायबर तोडली. यातले बहुतेक अलार्म एकाच जातीचे असतात: अमुक वस्तू बंद पडली. पाळीवरच्या इंजिनिअरचा हात त्याला सरावलेला असतो. बंद पडलेलं पुन्हा सुरू करायचं. ग्राहकांच्या माहितीसाठ्याकडून मात्र क्वचित एक अलार्म येतो, त्याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. त्याची बातमी नेमकी उलटी असते. काहीही बंद पडलेलं नाही, दोन्ही बाजू जिवंत आहेत, दोन्ही बाजू जोमाने काम करताहेत, आणि धोका त्यातच आहे. इथे सरावाने वागलेला हात मोठं नुकसान करून बसतो. म्हणून हा अलार्म नीट समजून घ्यायला हवा.

आधी तो साठा कसला ते पाहू. तुम्हाला कुणी फोन लावला की नेटवर्कला पहिला प्रश्न पडतो, हा माणूस आत्ता आहे कुठे? सिम कोल्हापुरात घेतलेलं असेल आणि माणूस नांदेडच्या एसटी स्टँडवर उभा असेल. याचं उत्तर एका मध्यवर्ती नोंदवहीत असतं. टूजी-थ्रीजीच्या काळात तिला एचएलआर म्हणजे होम लोकेशन रजिस्टर म्हणत, फोरजीत एचएसएस आला, फाइव्हजीत यूडीएम आणि यूडीआर. नावं बदलत गेली, काम तेच राहिलं. प्रत्येक सिमचा ओळख क्रमांक, त्याला जोडलेला फोन नंबर, सिम अस्सल आहे हे पटवणारी गुप्त किल्ली, कुठल्या सेवा चालू आणि कुठल्या बंद, आणि या क्षणी ते सिम कुठल्या स्विचच्या अखत्यारीत आहे, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक वेगळ्या साठ्यात ठेवतात, पण त्या साठ्याची रचनाही अशीच असते.

ही नोंदवही आजारी पडली की काय होतं, हे दोन देशांनी अनुभवलं आहे. ६ जुलै २०१२ रोजी फ्रान्समध्ये ऑरेंज कंपनीचा एचएलआर सॉफ्टवेअरच्या दोषामुळे कोलमडला. टॉवर शाबूत, वायरी शाबूत, पण अडीच कोटींहून जास्त ग्राहकांची सेवा सुमारे १२ तास विस्कळीत झाली. जपानमध्ये २ जुलै २०२२ च्या पहाटे, १ वाजून ३५ मिनिटांनी, केडीडीआय कंपनीचा एक राउटर बदलताना काही मिनिटं व्हॉइस कॉल तुटले. मग लाखो फोन एकाच वेळी पुन्हा नोंदणी करू लागले, व्होल्टीची म्हणजे फोरजीवरच्या कॉलची यंत्रणा गुदमरली आणि तिच्यातल्या नोंदी व ग्राहकसाठ्यातल्या नोंदी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या. सगळं ठीक व्हायला ६१ तासांहून जास्त वेळ गेला. कंपनीने पुढे ग्राहकांना २०० येनची भरपाई दिली. या दोन्ही घटना स्प्लिट ब्रेनच्या नव्हत्या. पण ग्राहकसाठा बिघडला की किती मोठा प्रदेश मुका होतो आणि नोंदींची विसंगती निस्तरायला किती काळ लागतो, हे त्यांतून दिसतं.

म्हणूनच अशी नोंदवही कुणी एकाच ठिकाणी ठेवत नाही. दोन किंवा अधिक शहरांत तिच्या प्रती असतात. एका ठिकाणी लिहिलेली ओळ काही मिलिसेकंदांत दुसरीकडे पोचते. एक इमारत पाण्याखाली गेली तरी दुसरी काम चालवते. दूरसंचारात ‘पाच नऊ’चा दंडक प्रसिद्ध आहे: यंत्रणा ९९.९९९ टक्के वेळ चालू हवी, म्हणजे वर्षभरात सव्वापाच मिनिटांपेक्षा जास्त बंद नको. या दंडकाखाली घडलेल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट खोल रुजते, काहीही झालं तरी थांबायचं नाही. स्प्लिट ब्रेनमध्ये नेमका हाच संस्कार आड येतो.

समजा एकाच गावाच्या सातबाऱ्याच्या दोन प्रती नदीच्या दोन काठांवरच्या दोन कचेऱ्यांत आहेत. एरवी रोज संध्याकाळी दोन्ही प्रती ताडून पाहतात. पुराने पूल वाहून गेला. दोन्ही तलाठी कामसू आहेत, लोक दारात उभे आहेत, म्हणून दोघंही फेरफार नोंदवत राहिले. एका काठावर गट नंबर बारा रामभाऊंच्या नावे झाला, दुसऱ्या काठावर तोच गट श्यामरावांच्या. पूल पुन्हा उभा राहिला तेव्हा दोन्ही सातबारे सही-शिक्क्यानिशी खरे होते. साठ्याच्या दोन प्रतींमधली लिंक तुटते आणि दोन्ही प्रती ‘आता मीच मुख्य’ असं ठरवून लिहीत राहतात, तेव्हा हेच घडतं.

दोन प्रतींनी असं ठरवावंच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. अडचण अशी की प्रतींना एकमेकींची खबर फक्त संदेशांतून मिळते. ठरावीक अंतराने दोघी एकमेकींना ‘मी आहे’ असा छोटा संदेश पाठवतात, त्याला हार्टबीट म्हणतात. ते थांबले की शांतता पसरते, आणि त्या शांततेचे अर्थ अनेक असू शकतात. पलीकडचं यंत्र मेलं असेल. मधली फायबर तुटली असेल. आपल्या देशात हे इतकं नेहमीचं आहे की खोदकामाआधी केबलमालकांना कळवण्यासाठी सरकारला मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणावं लागलं. किंवा पलीकडचं यंत्र मेमरी साफ करण्यात काही सेकंद गुंतलं असेल आणि लवकरच जागं होऊन आपण अजून मुख्य आहोत याच समजुतीत लिहू लागेल. अलीकडून या तिन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. जास्त हुशार सॉफ्टवेअर लिहून यातून सुटका नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये गणिताने सिद्ध केलेला निष्कर्ष असा आहे की नेटवर्क दुभंगलं असताना दोन्ही बाजूंनी उत्तरं देत राहायचं की दोन्हीकडे एकच सत्य राखायचं, यांपैकी एकच निवडता येतं.

आणि या निवडीत शहाणी माणसंही वेगवेगळ्या बाजूंना उभी राहिली आहेत. मला सगळ्यांत बोलकं वाटणारं उदाहरण स्वीडनच्या एरिक्सन कंपनीचं आहे. तिथे टेलिफोन एक्स्चेंजसाठी दोन वितरित साठे घडले, एकाच कंपनीत, साधारण एकाच काळात, आणि लिंक तुटल्यावर काय करायचं याची दोघांची उत्तरं अगदी विरुद्ध आहेत.

पहिला म्नेशिया. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ पासून एरिक्सनच्या प्रयोगशाळेत एरलँग ही भाषा घडवली. तिच्या सोबतीला १९९० च्या दशकात म्नेशिया आला, आणि डिसेंबर १९९८ मध्ये एरलँग सर्वांसाठी खुली झाली तेव्हा तोही खुला झाला. एक्स्चेंज कधी थांबता कामा नये, ही त्याची मूळ प्रेरणा. दोन यंत्रांतली लिंक तुटली की म्नेशिया मुळातल्या मांडणीप्रमाणे कुणालाच थांबवत नाही. प्रत्येक बाजू ‘पलीकडचा गेला’ अशी नोंद करते आणि काम चालू ठेवते. मूक झालेली लिंक तुटली आहे हे ओळखायलाच एरलँगला नेहमीच्या मांडणीत ४५ ते ७५ सेकंद लागतात.

मग लिंक परत येते. तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींच्या नोंदी तपासतात आणि दोघींनाही दिसतं की समोरची म्हणते मी जिवंत होते आणि तू मेली होतीस. त्या क्षणी म्नेशिया ‘इनकन्सिस्टंट डेटाबेस, रनिंग पार्टिशन्ड नेटवर्क’ हा इशारा देतो. म्हणजे हा अलार्म लिंक तुटताना वाजत नाही, ती जोडली गेल्यावर वाजतो. नवख्या माणसाला हे फार चकवतं. पडद्यावर लिंकचा अलार्म नुकताच हिरवा झालेला असतो, सगळे सुटकेचा श्वास घेत असतात, आणि त्याच मिनिटाला सर्वांत गंभीर ओळ उमटते. पुढे म्नेशिया आपण होऊन काही करत नाही. कोणत्या बाजूचं खरं मानायचं हे माणसाने सांगायचं, हरलेल्या बाजूला ‘तुझा धनी हा’ असं नेमून द्यायचं, ती पुन्हा सुरू करायची आणि तिने जिंकलेल्या बाजूची प्रत उचलायची. तोवर दोन्ही बाजू दोन सत्यं घेऊन चालत राहतात. बहुमत नसेल तर लिहूच द्यायचं नाही, अशी सोय म्नेशियाच्या तक्त्यांना पुढे मिळाली, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

दुसरा एनडीबी, आज मायएसक्यूएल क्लस्टर म्हणून ओळखला जाणारा. मिकाएल रोनस्ट्रॉम यांनी दूरसंचारासाठी समांतर साठ्याची रचना या विषयावर १९९८ मध्ये लिन्शॉपिंग विद्यापीठात पीएच.डी. केली. त्या कामातून हा साठा उभा राहिला. एरिक्सनमधून तो २००० साली अल्झाटो नावाच्या वेगळ्या कंपनीत गेला आणि २००३ मध्ये मायएसक्यूएलने ती कंपनी घेतली. एनडीबीचा स्वभाव करारी आहे. त्यातली यंत्रं गटांत विभागलेली असतात आणि एका गटातल्या यंत्रांकडे त्याच माहितीच्या प्रती असतात. लिंक तुटली की प्रत्येक बाजू स्वतःला प्रश्न विचारते. माझ्याकडे प्रत्येक गटातलं निदान एक यंत्र आहे का? नसेल तर माझ्याकडची माहिती अपुरी आहे, मी बंद होते. एखाद्या गटातली सगळीच यंत्रं माझ्याकडे आहेत का? असतील तर पलीकडची बाजू पुरी असूच शकत नाही, मी निर्धास्त पुढे जाते. दोन्ही बाजूंकडे प्रत्येक गटाचं अर्धं-अर्धं आलं असेल तरच पेच उरतो. मग दोघी एका त्रयस्थ यंत्राकडे, पंचाकडे, धाव घेतात. जी आधी पोचेल तिला हो, दुसरीला नाही. जिला नकार मिळाला ती तत्काळ स्वतःला बंद करते. ठरावीक वेळेत पंचच सापडला नाही, तर त्या पेचातली बाजू बंद होते. पंच दोघींनाही दिसत नसेल, तर दोन्ही बंद.

हा शेवटचा नियम दूरसंचारातल्या माणसाला झोंबतो. वर्षाला सव्वापाच मिनिटांचा दंडक असताना अख्खा साठा आपण होऊन बंद? मलाही पूर्वी तो अतिरेक वाटायचा. आता माझं मत ठामपणे एनडीबीच्या बाजूला आहे. बंद पडलेली बाजू दिसते, तिच्यावर ओरड होते, ती तासाभरात उभी राहते. दोन सत्यं घेऊन चाललेला साठा हसतमुख असतो, त्याचे सगळे दिवे हिरवे असतात, आणि त्याने केलेलं नुकसान कधीकधी महिन्याच्या बिलात उघड होतं. तरी म्नेशियाची बाजूही मी हलकी लेखत नाही. एक्स्चेंजच्या एका चौकटीत एकमेकांना खेटून बसलेल्या दोन कार्डांमध्ये, जिथे लिंक तुटण्याची शक्यता फारच कमी आणि माहिती अल्पायुषी, तिथे थांबायचं नाही हा निर्णय योग्यच होता. ती रचना तशीच उचलून दोन शहरांत पसरवली की तिचा स्वभाव अंगावर येतो.

दुभंग किती वेळ टिकला यावरून नुकसानीचा अंदाज बांधायची सवयही घातक आहे. सॉफ्टवेअर साठवणाऱ्या गिटहब कंपनीने २१ ऑक्टोबर २०१८ च्या घटनेचा सविस्तर वृत्तांत स्वतःच प्रसिद्ध केला. तो दूरसंचाराचा नाही, पण त्याची रचना हुबेहूब हीच आहे. ऑप्टिकल उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं मुख्य केंद्र ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात बाकीच्या ठिकाणच्या देखरेख यंत्रांनी बहुमत जमवून पश्चिम किनाऱ्यावरच्या साठ्याला मुख्य केलं आणि तिथे लिखाण सुरू झालं. पण तुटण्याच्या क्षणी पूर्वेकडे काही लिखाण झालं होतं, जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं. त्यांच्या सर्वांत गजबजलेल्या साठ्यांपैकी एकात अशा ९५४ नोंदी होत्या. बहुमताचा नियम पाळूनही हे घडलं, कारण प्रती मागाहून पाठवल्या जात होत्या. ४३ सेकंदांनी लिंक परत आली. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. इतका वेळ जाण्यामागे त्यांनी घेतलेला एक निर्णय होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. लोकांची माहिती सांभाळण्याला त्यांनी लवकर सुरू होण्यापेक्षा वरचं स्थान दिलं. प्रती नव्याने उभारल्या, न जुळणाऱ्या नोंदी बाजूला काढून ठेवल्या आणि मगच दार पूर्ण उघडलं.

आता ग्राहकसाठ्याच्या आत शिरू, कारण ‘कोणती बाजू खरी’ हा प्रश्न अख्ख्या साठ्यासाठी एकदाच विचारायचा नसतो. तिथली माहिती चार-पाच प्रकारची असते आणि दुभंगानंतर प्रत्येकीची समजूत वेगळी घालावी लागते.

फोन आत्ता कुठे आहे ही नोंद सर्वांत सोशिक. ती चुकली तरी फोन स्वतःच ती दुरुस्त करतो, कारण तो जागा बदलताना आणि अधूनमधून आपण होऊनही नेटवर्कला हजेरी देतो. नोंदवहीला आपल्या ठिकाणांच्या नोंदींवर भरवसा राहिला नाही, तर ती सगळ्या स्विचना ‘रीसेट’ असा संदेश पाठवू शकते. मग फोन पुढच्या वेळी संपर्कात आला की स्विच त्याचं ठिकाण नव्याने कळवतो. तेव्हा या नोंदींसाठी भांडत बसू नये. भीती एकाच गोष्टीची, सगळ्यांनी एकदम हजेरी देण्याची. केडीडीआयची यंत्रणा अशाच लोंढ्यात गुदमरली होती. म्हणून रीसेट टप्प्याटप्प्याने करावा.

ओळख पटवण्याची मोजणी त्याहून रंजक आहे. थ्रीजीपासून सिम आणि नोंदवही दोघंही एक ४८ बिटांचा क्रमांक राखतात. दर ओळखपरीक्षेला नोंदवही पुढचा क्रमांक पाठवते, आणि तो जुना किंवा आधी वापरलेला निघाला तर सिम परीक्षा नाकारतं. कुणी जुने संदेश चोरून पुन्हा वापरू नयेत म्हणून ही योजना. दुभंगात दोन्ही प्रती आपापली मोजणी पुढे नेतात, आणि जोडणीनंतर मागे पडलेली मोजणी जिंकली तर हजारो सिम नकार देऊ लागतात. पण या आराखड्याच्या कर्त्यांनी इथे दूरदृष्टी दाखवली. नकार देताना सिम आपल्याकडचा सर्वांत पुढचा क्रमांक गुप्त किल्लीने सुरक्षित करून परत पाठवतं, आणि नोंदवही तो स्वीकारून पुन्हा ताळ्यावर येते. एरवी ज्याला आपण फक्त ग्राहकाच्या खिशातली चकती समजतो, ते सिम इथे दोन भांडणाऱ्या साठ्यांमध्ये साक्षीदार होतं.

सेवांच्या नोंदी मात्र कुणी आपण होऊन दुरुस्त करत नाही. त्या दुकानातून, ॲपवरून, कंपनीच्या कार्यालयातून येतात आणि लिहिल्या तशा राहतात. त्यांत सर्वांत नाजूक नोंद सिम बदलण्याची. एका बाईंचा फोन चोरीला गेला. त्यांनी दुकानात जाऊन नवं सिम घेतलं. ही नोंद एका बाजूला पोचली, दुसऱ्या बाजूला जुनं सिम अजून चालूच. जोडताना दुसरी बाजू खरी मानली तर चोराच्या हातातलं सिम पुन्हा जिवंत होतं आणि बाईंच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. अशा नोंदींना ‘निवडलेल्या बाजूचं सगळं खरं’ हा नियम लावणं म्हणजे बेजबाबदारपणा. कुठल्याही बाजूला सिम बंद केल्याची नोंद असेल तर ती जिंकलीच पाहिजे. एखादं सिम चुकून बंद राहिलं तर ग्राहक दुकानात येईल. चुकून चालू राहिलेल्याचा पत्ता लागेल तो खातं रिकामं झाल्यावर.

शिल्लक तर वेगळंच प्रकरण, तिचा साठाही वेगळा. दुभंगाच्या क्षणी एखाद्याच्या खात्यात १०० रुपये होते. एका बाजूला त्याने बोलण्यात ६० खर्च केले, तिथे ४० उरले. दुसऱ्या बाजूला त्याच्या मुलाने २०० चं रिचार्ज मारलं, तिथे ३०० झाले. ‘शेवटी लिहिलेलं खरं’ हा बऱ्याच साठ्यांमधला सोपा नियम लावला तर उत्तर ४० येईल किंवा ३००. दोन्ही चूक. खरं उत्तर २४०, आणि ते शिलकीच्या आकड्यांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी सापडत नाही. त्यासाठी खर्चाची आणि भरण्याची प्रत्येक नोंद वेगळी जपलेली हवी, म्हणजे १०० पासून पुन्हा सगळी बेरीज-वजाबाकी करता येते. शिवाय ‘शेवटी’ म्हणजे कधी? दोन शहरांतल्या यंत्रांची घड्याळं काही सेकंदांनी मागेपुढे असतील तर तो नियम ज्याचं घड्याळ पुढे त्याचाच. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक प्रीपेड आहेत. वीस-तीस रुपयांचा फरक हिशोबतपासणीत किरकोळ दिसत असेल, पण ज्याचं रिचार्ज गायब झालं त्याच्यासाठी तो किरकोळ नसतो. अशा माणसांपैकी फार थोडे तक्रार करतात. बाकीचे नुकसान गिळतात, म्हणून ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

तर रात्री तीन वाजता पडद्यावर ही ओळ उमटली, पुढे काय? पहिलं काम, हात आवरणं. यंत्र पुन्हा सुरू करू नये. एकदा बंद केलेल्या बाजूच्या मेमरीतलं, डिस्कवर अजून न उतरलेलं लिखाण कायमचं जातं. लिंक तुटलेली असेल तर ती घाईने जोडूही नये, कारण काही साठे जोडताक्षणी आपल्याच नियमाने एका बाजूवर दुसरी बाजू लिहून मोकळे होतात. आधी खात्री करावी की हा खरंच दुभंग आहे. देखरेखीच्या वेगळ्या वाटेने दोन्ही ठिकाणी शिरावं, नाहीतर सरळ तिथल्या माणसाला फोन करावा, आणि दोन प्रश्नांची उत्तरं मिळवावीत. दोन्ही बाजू स्वतःला मुख्य म्हणवतात का? दोन्ही बाजूंच्या लिखाणाचे आकडे वाढताहेत का? दोन्हींना ‘हो’ आलं तर शंका उरत नाही.

मग लिखाण थांबवावं, सगळी सेवा नव्हे. हा फरक कळला की पाच नऊच्या संस्काराशी भांडण बरंच मिटतं. नवं सिम, प्लॅन बदल, नंबर पोर्ट होऊन येणं, या नोंदी ज्या दारातून येतात ते दार बंद करून त्या रांगेत ठेवता येतात. त्या अर्ध्या तासाने लिहिल्या गेल्या तरी फारसं बिघडत नाही. कॉल जोडण्यासाठी लागणारं वाचन दोन्हीकडे चालू राहू शकतं, कारण वाचनाने दोन सत्यं वाढत नाहीत. त्यानंतर दोन्ही बाजूंची पूर्ण प्रत काढून ठेवावी. हरणाऱ्या बाजूचीही, खरं तर तिचीच आधी, कारण तिच्यावर लवकरच दुसरं लिखाण होणार असतं. मगच एक बाजू निवडावी, दुसरी रिकामी करून पहिलीच्या प्रतीवरून भरावी, आणि बाजूला काढलेल्या नोंदी प्रकारानुसार, वर सांगितलेल्या नियमांनी, एकेक करून परत आणाव्यात.

निवड कुणी करायची हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर सगळं इथे अडतं. पाळीवरच्या पंचविशीतल्या मुलीला तांत्रिक आज्ञा पाठ असतात, पण एका शहरातल्या तासाभराच्या नोंदी बाजूला टाकण्याचा अधिकार तिला आहे का? नसेल तर कुणाला आहे, तो माणूस रात्री फोन उचलतो का, आणि उचलला नाही तर पुढे कोण? हे प्रश्न मांडणीच्या आकृतीइतकेच महत्त्वाचे आहेत. अलार्मच्या ओळीसोबत मजकूर जोडायची सोय असते. तिथे बहुतेक ठिकाणी निर्मात्याचं सांकेतिक वाक्य पडून राहतं. त्याजागी साध्या मराठीत दोन ओळी असाव्यात: रीस्टार्ट करू नका, दोन्ही बाजूंचं लिखाण थांबवा, अमुक अधिकाऱ्याला कळवा.

पंच कुठे बसवायचा, हाही शांत दिवशी घ्यायचा निर्णय. दोन शहरांत साठा आहे म्हणून पंचाचं यंत्रही त्यांपैकीच एका शहरात, त्याच इमारतीत, कधीकधी त्याच चौकटीत ठेवलेलं आढळतं. ती इमारत गेली की पंचही जातो, आणि धडधाकट दुसरी बाजू परवानगी न मिळाल्याने स्वतःला बंद करून घेते. पंच तिसऱ्या जागी हवा, आणि दोन्ही शहरांपासून तिथे जाणाऱ्या फायबर वेगळ्या रस्त्यांनी गेलेल्या हव्यात. नकाशावर दोन रेषा वेगळ्या दिसल्या तरी पुलावरून जाताना त्या एकाच नळीत असतात, हे प्रत्यक्ष पुलापर्यंत जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या जागेचं भाडं फार वाटतं असं कुणी म्हणालं, तर एका रात्रीच्या बिघडलेल्या शिलका हाताने तपासायला किती माणसं आणि किती दिवस लागतात त्याचा हिशोब त्याच्यापुढे ठेवावा.

शेवटी अलार्म मिटण्याबद्दल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एक्स.७३३ या शिफारशीत अलार्मच्या गंभीरतेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग अशा उतरत्या क्रमाने, आणि त्यांतच ‘क्लिअर्ड’ म्हणजे मिटला अशीही एक. लिंक जुळली, दोन्ही प्रती एकमेकींशी बोलू लागल्या की यंत्रणा आपण होऊन ‘क्लिअर्ड’ लावते आणि ओळ पडद्यावरून निघून जाते. तिला फक्त लिंकची खबर असते, नोंदींची नसते. म्हणून स्प्लिट ब्रेनचा अलार्म आपोआप मिटू देऊ नये. तो माणसानेच मिटवावा, आणि तोही तपासणीनंतर: दुभंगाच्या काळात ज्यांची सिम बदलली त्या प्रत्येकाचं जुनं सिम बंद आहे का, ज्यांनी रिचार्ज केलं त्या प्रत्येकाच्या शिलकेत ते दिसतं का, पोर्ट होऊन आलेला प्रत्येक नंबर दोन्ही प्रतींत एकाच ठिकाणी दिसतो का. यादी लांबली तरी ती मोजता येण्याजोगी असते, कारण लिखाण वेळेत थांबवलेलं असतं. जिथे फरक निघेल तिथे ग्राहकाने विचारण्याची वाट न पाहता पैसे परत जमा करावेत आणि कशाचे ते एसएमएसने कळवावं.